मातीची साक्ष : मावळची लेणी आणि प्राचीन खापरांचे उगमस्थान

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल गाडी देहूरोड सोडून बेगडेवाडीच्या लहानशा स्थानकावर थांबते. तेथून पुढचे स्थानक घोरावाडी. या दोन स्थानकांच्या परिसरात घोरावडेश्वराचा डोंगर उभा आहे आणि त्याच्या कुशीत शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. कार्ले, भाजे आणि बेडसे येथे अभ्यासकांची व प्रवाशांची सतत वर्दळ असते. त्या मानाने शेलारवाडीकडे फारसे कोणी फिरकत नाही. तथापि येथील एक ब्राह्मी लेख प्राचीन मावळच्या इतिहासातील एक अवघड प्रश्न आपल्यापुढे ठेवतो.

धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबिकाची पत्नी सियगुटनिका हिने आपला पुत्र नंद गहपती याच्यासह हे लेणे धर्मदान म्हणून दिले, असा त्या लेखाचा आशय आहे. राजा नाही, अमात्य नाही, मोठा सार्थवाहही नाही. नांगर धरणाऱ्या घरातील एका स्त्रीने डोंगर कोरविला आणि आपले नाव मागे ठेवले. प्रश्न उरतो तो तिच्या गावाचा. हे धेनुकाकट कोठे होते?

कार्ल्याच्या चैत्यगृहातील दानलेखांत हेच नाव पुनःपुन्हा येते. तेथील स्तंभ देणारे कित्येक यवन धेनुकाकटचे आहेत. सिंहदत्त नावाचा गंधिक तेथलाच आहे. चैत्यगृहाचे द्वार घडविणारा सामी नावाचा वर्धकी, म्हणजे सुतार, हाही तेथलाच आहे. कोणी या गावाचा संबंध आंध्रातील धान्यकटकाशी जोडला. पालि पंडित धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५५ साली या विषयावर स्वतंत्र लेख लिहून धेनुकाकट कार्ल्याच्या परिसरातच असले पाहिजे, असे प्रतिपादन केले. वादाचा अंतिम निर्णय अद्याप लागलेला नाही. केवळ नामसादृश्यावर तो लागेल असेही वाटत नाही. अशा वेळी लेखांखेरीज दुसरा साक्षीदार शोधावा लागतो. प्राचीन वस्तीत कापड कुजते, लाकूड जळते, धातू पुन्हा वितळविला जातो. फुटलेले मडके मात्र कोणाच्याच उपयोगाचे नसल्यामुळे जेथल्या तेथे पडून राहते. हे खापर कोणत्या मातीचे आहे हे आता प्रयोगशाळेत तपासता येते. या तपासणीने आपल्या इतिहासातील दोन रूढ समजुती कशा बदलल्या आणि मावळच्या इतिहासासाठी तिचा काय उपयोग आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पालि वाङ्मयातील कुंभार

पालि ग्रंथांच्या वाचकाला कुंभार अपरिचित नाही. मज्झिम निकायातील घटिकार सुत्तात कस्सप बुद्धांचा उपासक असलेल्या घटिकार कुंभाराची कथा आहे. तो स्वतः जमीन खणत नाही. नदीच्या काठाची ढासळलेली अथवा उंदरांनी उकरलेली माती तो आणतो, भांडी घडवितो आणि ज्याला हवे त्याने धान्य ठेवून भांडे न्यावे, असे सांगतो. सुत्ताचा उद्देश घटिकाराचे शील सांगण्याचा आहे. परंतु कुंभार आपल्या वस्तीजवळचीच माती वापरतो हा व्यवहारही त्यातून सहज नोंदला गेला आहे.

विनयपिटकात धनिय नावाच्या कुंभारपुत्र भिक्खूची कथा येते. त्याने संपूर्ण मातीची कुटी बांधली आणि गवत, लाकूड व शेणी रचून ती भाजून काढली. कुटी तांबडी व देखणी झाली आणि तिच्यावर टिचकी मारली असता किणकिण आवाज येऊ लागला. भगवंतांनी मात्र प्राणिहिंसेच्या कारणास्तव ती मोडावयास लावली. आजही मडके विकत घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो. पक्के भाजलेल्या मातीची ही ओळख अडीच हजार वर्षांत बदललेली नाही.

तिसरा उल्लेख विशेष अर्थपूर्ण आहे. राजगृहात भग्गव कुंभाराच्या कर्मशाळेत भगवान बुद्ध आणि पुक्कुसाति यांची रात्री भेट झाली आणि तेथे भगवंतांनी धातूंचे विभाजन करून सांगितले. तेच धातुविभंग सुत्त होय. सुत्तातील धातू आणि रसायनशास्त्रातील मूलद्रव्ये एक नव्हेत, हे उघड आहे. तरीसुद्धा संपूर्ण वस्तूकडे पाहून भुलू नये, तिचे घटक वेगळे करून पाहावे, ही दृष्टी कुंभाराच्या घरात सांगितली गेली, याचे खापरांच्या अभ्यासकाला अगत्य वाटावे.

महाराष्ट्रातील लेखांतही कुंभार आहेत. इ. स. च्या तिसऱ्या शतकातील आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा एक लेख नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत आहे. शकानी उपासिका विष्णुदत्ता हिने आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी गोवर्धन येथील श्रेणींकडे कायम ठेव ठेवली. त्यांपैकी कुलरिकांच्या श्रेणीकडे १००० कार्षापण होते. कुलरिक म्हणजे कुंभार, असा अर्थ सामान्यतः केला जातो. ज्यांच्या हाती संघाने औषधांचे धन विश्वासाने सोपविले, त्या कारागिरांची नावे मात्र कोणत्याही लेखात नाहीत. त्यांच्या हातची खापरेच काय ती शिल्लक आहेत.

खापराची तपासणी कशी होते ?

घटिकाराच्या व्यवहाराला आधुनिक संशोधनाचाही आधार आहे. डीन आर्नल्ड या मानवशास्त्रज्ञाने जगभरच्या शंभरांहून अधिक कुंभार समाजांची माहिती एकत्र करून १९८५ साली दाखविले, की त्यांपैकी सुमारे ८४ टक्के समाज ७ किलोमीटरांच्या आतूनच माती आणतात. म्हणून खापराची माती ओळखली की ते घडविणाऱ्याची वस्ती साधारणपणे ओळखता येते.

माती ही खडकाची लेक आहे. मावळ आणि सगळा घाटमाथा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या काळ्या पाषाणावर उभा आहे. या पाषाणाच्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीचे चिकण खनिज विपुल असते. लोह, टायटॅनियम, स्कँडियम, क्रोमियम व कोबाल्ट यांचे प्रमाण अधिक, तर थोरियम व पोटॅशियम यांचे प्रमाण कमी असते. गंगेच्या गाळात अभ्रक आणि गारगोटीचे कण अधिक सापडतात. ग्रॅनाइटच्या प्रदेशातील मातीची घडण आणखी निराळी असते. भांडे शंभर कोस दूर गेले तरी ही जन्मखूण त्याच्या अंगात राहते.

ती वाचण्याच्या मुख्य पद्धती तीन आहेत. पहिलीत खापराचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ काप काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वाळूचे कण कोणत्या खडकाचे, भुसा किंवा राख मिसळली होती काय, हे त्यात दिसते. दुसरीत खापराच्या चूर्णावर क्ष-किरण सोडतात. प्रत्येक स्फटिकमय खनिज किरणांना ठरावीक कोनांत वळविते. त्यावरून कोणती खनिजे आहेत ते कळते. तिसरीत अल्पसे चूर्ण अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवतात. त्यातील मूलद्रव्ये किरणोत्सारी होतात आणि त्यांच्या गॅमा किरणांवरून दशलक्षांश भागांपर्यंतचे प्रमाण मोजता येते. आंध्रातील बौद्ध स्थळांवरील खापरांचा याच न्यूट्रॉन पद्धतीने अभ्यास झालेला आहे आणि त्यात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांचा सहभाग होता.

या पद्धतींच्या मर्यादाही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. कुंभार मातीत वाळू, राख अथवा लीद मिसळतो, त्यामुळे मूळ प्रमाण बदलते. सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे भाजल्यास चिकण खनिजांची रचना मोडते. शतकानुशतके जमिनीत पडून राहिलेल्या खापरात बाहेरचा चुना व फॉस्फरस शिरतो. शिवाय दोन ठिकाणच्या मातीतील फरक हा एकाच ठिकाणच्या मातीतील अंतर्गत फरकाहून मोठा असेल तरच निर्णय देता येतो. म्हणून एका खापरावरून निष्कर्ष काढीत नाहीत. अनेक खापरे, स्थानिक मातीचे नमुने आणि शक्य तर आव्यातील वाया गेलेली भांडी यांची एकत्र तुलना करतात.

चक्रांकित भांड्यांचा निवाडा

पहिले उदाहरण सुप्रसिद्ध आहे. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे उत्खनन केले. तेथे इटलीतील अरेत्सो येथील तांबड्या झिलईच्या भांड्यांचे तुकडे आणि रोमन मद्यकुंभ सापडले. त्यांबरोबर एक राखाडी-काळी, अत्यंत तलम व गुळगुळीत ताटलीही मिळाली. तिच्या आतील तळावर दातेरी चाकाने उमटविलेल्या बारीक रेघांची वर्तुळे होती. पुरातत्त्वात हिला ‘रूलेटेड वेअर’ म्हणतात. या लेखात तिला चक्रांकित भांडी म्हटले आहे. हे तंत्र भूमध्य सागराकडील असल्यामुळे ही भांडीही मुळात तिकडचीच आणि भारतात सापडणारी पुष्कळशी त्यांची नक्कल, अशी समजूत रूढ झाली. पुढे कोठेही असे खापर सापडले की ‘रोमन संपर्क’ अशी नोंद होऊ लागली.

समजुतीमागील तर्क पाहण्यासारखा आहे. भांडे सुबक आहे, म्हणून ते परक्याचे असले पाहिजे. येथल्या कुंभाराने फार तर त्याचे अनुकरण केले असेल. मातीची तपासणी मात्र कोणी केलेली नव्हती.

१९८३ साली विमला बेगले यांनी अरिकमेडूच्या थरांची फेरतपासणी करून ही भांडी रोमन व्यापाराच्या आधीपासून प्रचारात असल्याचे दाखविले. श्रीलंकेतील अनुराधपूरच्या उत्खननानेही त्यांचा आरंभ इ. स. पूर्वीच्या शतकांत नेला. १९९१ साली इंडोनेशियातील बाली बेटावर सेंबिरान येथे हीच भांडी मिळाल्याचे आर्दिका आणि बेलवुड यांनी प्रसिद्ध केले. १९९३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह क्ष-किरण व न्यूट्रॉन पद्धतींनी केलेल्या विश्लेषणाच्या आधारे ही भांडी एकाच उगमाची असावीत काय, असा प्रश्न उपस्थित केला.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम पुण्यात झाले. डेक्कन कॉलेजातील विश्वास गोगटे यांनी निरनिराळ्या स्थळांवरील चक्रांकित खापरांची क्ष-किरणांनी तपासणी केली आणि त्यांच्या खनिजांची तुलना ठिकठिकाणच्या मातीशी केली. १९९७ साली ‘मॅन अँड एन्व्हायर्न्मेंट’ या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष मांडला, की भारतातील व आग्नेय आशियातील या भांड्यांची माती बंगालमधील चंद्रकेतुगढ-तामलुक परिसराशी जुळते. तामलुक म्हणजे प्राचीन ताम्रलिप्ती. सिंहली वंसग्रंथांच्या परंपरेनुसार बोधिवृक्षाची शाखा घेऊन संघमित्रा थेरी याच बंदरातून लंकेस निघाली. २००५ साली ब्रिटनमधील फोर्ड, पोलार्ड, कॉनिंगहॅम व स्टर्न यांनी केलेल्या रासायनिक विश्लेषणानेही चक्रांकित व तत्संबंधित तलम भांड्यांचा भूवैज्ञानिक उगम समान असल्याचे दाखविले. नेमके स्थान गंगेच्या मुखाशी की अन्यत्र, याविषयी मतभेद आहेत. ही भांडी भारतीय उपखंडातच घडली, हे मात्र आता सर्वमान्य आहे.

या निर्णयाने दिशाच उलटली. बालीपासून तांबड्या समुद्रावरील बेरेनिकेपर्यंत जी भांडी पोहोचली, ती रोमने आपल्याला दिलेली देणगी नव्हती. ती येथल्या अनामिक कुंभारांनी घडविली आणि येथल्या बंदरांतून ती जगात गेली. अर्धशतकाहून अधिक काळ दुसऱ्यांच्या नावे जमा असलेले श्रेय मातीच्या साक्षीने त्यांना परत मिळाले.

रोमचे की इराणचे ?

दुसरे उदाहरण याच्या उलट दिशेचे आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. आपल्या देशातील अनेक प्राचीन स्थळांवर जाड, लांबट कुंभांची खापरे मिळाली आणि त्यांची नोंद सरसकट ‘रोमन अँफोरा’, म्हणजे रोमन मद्याचे दुमुठी कुंभ, अशी झाली. ब्रिटिश अभ्यासिका रोबर्टा टॉम्बर यांनी ही खापरे पुन्हा हाताळली. २००७ साली त्यांनी दाखविले, की रोमन म्हणून नोंदलेल्या खापरांपैकी पुष्कळशी रोमन नसून मेसोपोटेमिया व इराणच्या आखाताकडील ‘टॉर्पेडो’ कुंभांची आहेत.

दोहोंतील भेद एकदा समजला की सोपा आहे. रोमन कुंभाला दोन मुठी असतात आणि आतून बहुधा पाइन वृक्षाच्या राळेचा लेप असतो. टॉर्पेडो कुंभाला मुठी नसतात, तळ निमुळता असतो आणि आतून नैसर्गिक डांबराचा काळा लेप असतो. रोमन कुंभांच्या काही प्रकारांत इटलीतील व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या प्रदेशातील काळी वाळू दिसते. टॉर्पेडो कुंभांत ती नसते. येथे डांबरही साक्षीदार झाले. डांबरातील सेंद्रिय रेणू आणि कार्बनची समस्थानिके यांवरून ते कोणत्या झऱ्याचे हे सांगता येते. २००८ साली अनुराधपूरच्या खापरांवरील डांबराचा उगम इराणमधील सुसा शहराच्या बाजूला असल्याचे प्रसिद्ध झाले. थायलंडमध्ये २०१३ साली सापडलेल्या फनोम-सुरिन या आठव्या शतकाच्या सुमाराच्या बुडालेल्या जहाजातील अशाच कुंभांचे विश्लेषण २०२० साली प्रकाशित झाले. त्यातही इराणी डांबरच आढळले.

याचा बौद्ध इतिहासाशी काय संबंध? संबंध कालगणनेचा आहे. रोमन मद्यकुंभांचा बहर इ. स. पूर्वीच्या पहिल्या व इ. स. च्या पहिल्या शतकात येतो. टॉर्पेडो कुंभ मात्र मुख्यतः तिसऱ्या ते नवव्या शतकांतील आहेत. रोमचा व्यापार आटला, शहरे ओस पडली आणि दानाचा ओघ थांबून पश्चिम भारतातील विहारांना उतरती कळा लागली, असे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांनी रंगविले. त्या चित्रातील एक मोठा रंग या चुकीने ओळखलेल्या खापरांचा होता. खापर पाचव्या-सहाव्या शतकाचे असूनही ते पहिल्या शतकाचे म्हणून मोजले, तर पहिले शतक गजबजलेले आणि सहावे शतक रिकामे दिसणारच.

लेखांची साक्ष नव्या निष्कर्षाशी जुळते. कान्हेरीच्या विहाराला राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, शिलाहार सामंतांच्या अमदानीत दाने मिळत होती. तेथील लेख शके ७६५, ७७५ व ७९९ या वर्षांचे, म्हणजे नवव्या शतकाचे आहेत. त्याच कान्हेरीत इ. स. १००९ आणि १०२१ या वर्षी भेट देणाऱ्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली. इराणच्या आखाताकडून या किनाऱ्यावर माल आणि माणसे येत राहिली होती. खापरांवरून विहारांच्या भरभराटीचे थेट प्रमाण मिळत नाही, हे खरे. परंतु रोमबरोबर सर्व काही संपले असे मानण्याचा एक आधार निश्चितपणे ढासळला आहे.

मावळासमोरचे काम

आता पुन्हा बेगडेवाडीच्या परिसरात येऊ. कार्ल्याच्या लेखांत ‘मामाल’ या नावाने येणारा प्रदेश म्हणजे आजचे मावळ. बोरघाटातून किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वाटेच्या माथ्यावर तो आहे. खाली कल्याण आणि चौल ही बंदरे होती. कान्हेरीच्या लेखांतील चेमुल ते हेच चौल. तेथे गोगटे यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खननही झाले आहे. बंदरात उतरलेला कुंभ घाट चढून कोठे गेला आणि घाटावरचे मडके किनाऱ्यावर कोठे पोहोचले, हे कळण्यास मावळातील मातीचे नमुने आणि मावळातील प्राचीन वस्त्यांची खापरे यांची सांगड घालावी लागेल.

धेनुकाकटाच्या शोधातही हा मार्ग उपयोगी पडेल. एखादे पांढरीचे टेकाड धेनुकाकट असल्याचे कोणी सुचविले, तर तेथील खापरांत बाहेरच्या मातीची भांडी किती आणि स्थानिक किती, हे मोजता येईल. व्यापारी, गंधिक आणि यवन जेथे राहत होते त्या गावाच्या उकिरड्यात किनाऱ्यावरचे व परदेशचे तुकडे अपेक्षित आहेत. खापरे गावाचे नाव सांगणार नाहीत. सुचविलेले स्थळ त्या नावाला साजते की नाही, एवढे मात्र सांगतील.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भांड्याचा उगम म्हणजे माणसाचा उगम नव्हे. कार्ल्याच्या यवन दात्यांची नावे धर्म, यशोवर्धन, सिंहध्वज अशी आहेत. त्यांच्या घरी इटलीचा कुंभ असेल किंवा मावळच्या काळ्या मातीचे मडके असेल. त्यावरून त्यांचे कूळ ठरत नाही. रूपावरून जन्म ठरविण्याची चूक आपण चक्रांकित भांड्यांबाबत पाहिली. मातीवरून माणसाचा जन्म ठरविणे ही तितकीच मोठी चूक ठरेल.

या कामाला काळाची मर्यादा आहे. पिंपरी-चिंचवडची वस्ती वाढत मावळात शिरली आहे. रस्ते, वसाहती आणि कारखाने यांच्या पायासाठी जमीन खणली जाते, तेव्हा जुन्या पांढरीची माती भरावासाठी उचलली जाते आणि तिच्याबरोबर खापरेही जातात. जागेवरून हललेल्या खापराची माती ओळखता येते, पण ते कोणत्या थरात आणि कशाबरोबर पडले होते हे कायमचे नाहीसे होते. लेण्यांच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या उपासक-उपासिकांनी एवढे पथ्य पाळावे, की शेतात वा पायवाटेवर दिसलेले खापर आठवण म्हणून घरी नेऊ नये. जागा टिपून घ्यावी, शक्य तर छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व खात्यास अथवा डेक्कन कॉलेजासारख्या संस्थेस कळवावे.

सियगुटनिकेने दिलेले लेणे आजही डोंगरात आहे. तिच्या घरातील पाण्याचा घडा फुटून कोठेतरी मातीत पडला असेल. तो ज्या कुंभाराने घडविला त्याचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. परंतु त्याने माती कोठून आणली हे कळू शकेल, आणि त्या मातीजवळच कदाचित तिचे गाव असेल. लेखाने नाव जपले आहे. गाव जपण्याचे काम त्या खापरावर आणि ते जागच्या जागी राहू देणाऱ्या आपणांवर आहे.